अडकलेले गणकयंत्र
(तृतीय वर्ष कला, भूगोल)

आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा यंत्रांशी संबंध तसा बेताचाच. तरीही भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला, अर्थशास्त्रातील संख्याशास्त्राला आणि मानसशास्त्राच्या प्रयोगवहीला गणकयंत्र, म्हणजे आपला नेहमीचा कॅल्क्युलेटर, लागतोच. तो मोबाईलमध्येही असतो हे खरे. पण परीक्षेच्या दालनात मोबाईल नेता येत नाही. म्हणून दप्तराच्या तळाशी हे छोटे यंत्र अजून टिकून आहे. वर्षभर त्याची कोणी विचारपूस करत नाही आणि ऐन वेळी ते रुसले की आपली त्रेधा उडते.

माझे तसेच झाले. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तीस वर्षांच्या पर्जन्यमानाच्या आकड्यांवरून प्रमाण विचलन काढायचे होते. अठरावा आकडा टाकला आणि पडद्यावरचा अंक जागचा हलेना. कोणतीही कळ दाबली तरी काही नाही. बंद करू म्हटले तर यंत्र बंदही होईना. शेजारच्या मैत्रिणीकडे मागावे, तर तीही त्याच उदाहरणात गुंतलेली. तेवढ्यात आमच्या प्रयोगशाळेतील परिचर, ज्यांना सगळा विभाग ‘काका’ म्हणतो, ते जवळ आले. परीक्षकांना विचारून त्यांनी यंत्र पालथे केले, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याची यू-पिन काढली, तिचे एक टोक सरळ केले आणि यंत्राच्या पाठीवरच्या एका बारीक छिद्रात अलगद दाबले. ‘टक्’ असा आवाज झाला. पडद्यावर शून्य आले. “पोरी, बिघडलं नव्हतं, अडकलं होतं,” एवढे म्हणून त्यांनी यू-पिन पुन्हा गठ्ठ्याला लावली.

माझे अठरा आकडे अर्थातच गेले. ते पुन्हा टाकून उदाहरण पुरे केले. पण काकांचे ते वाक्य डोक्यातून जाईना. बिघडणे आणि अडकणे यांत फरक तो काय? त्याचा शोध घेताना जे हाती लागले ते येथे मांडत आहे. वाणिज्य आणि विज्ञान शाखेच्या मित्रांना यातले बरेच ठाऊक असेल. त्यांनी क्षमा करावी.

प्रथम थोडा इतिहास. विजेवरची गणकयंत्रे येण्यापूर्वी आपल्या देशातील संख्याशास्त्राच्या प्रयोगशाळांत ‘फॅसिट’ या स्वीडिश बनावटीची, हाताने दांडा फिरवण्याची यंत्रे होती; आणि ज्यांना तीही मिळत नसत त्यांना क्लार्कच्या टेबलांतील लॉगॅरिथमचा आधार होता. फॅसिटमध्ये दातेरी चाके असत. एक उदाहरण संपले की तरफ ओढायची, सगळी चाके गरगरत शून्यावर येत आणि ती आलेली डोळ्यांना दिसत. एखादे चाक अडले तर तेही दिसे. पुढे नोव्हेंबर १९७१ मध्ये इंटेल कंपनीने ‘४००४’ नावाची चिप बाजारात आणली. ती मुळात बिझिकॉम या जपानी कंपनीच्या गणकयंत्रासाठी तयार झाली होती आणि तिच्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९७२ मध्ये ह्युलेट-पॅकार्डचे ‘एचपी-३५’ हे खिशात मावणारे शास्त्रीय गणकयंत्र आले. चाके गेली, आवाज गेला, आणि त्याबरोबर यंत्राच्या पोटात काय चालले आहे ते पाहण्याची सोयही गेली. आता यंत्र अडकले तर ते कोठे अडकले हे कळायला मार्ग उरला नाही.

आजच्या यंत्रात दोन प्रकारची स्मृती असते. एक कायमची: बेरीज कशी करावी, वर्गमूळ कसे काढावे याच्या सूचना तिच्यात कोरलेल्या असतात आणि त्या सेल काढला तरी जात नाहीत. दुसरी तात्पुरती, आपल्या पाटीसारखी: आपण टाकलेले आकडे, साठवलेली बेरीज, निवडलेली रीत हे सर्व तिच्यावर लिहिले जाते. चिप कायमच्या स्मृतीतील सूचना एकामागून एक वाचत जाते आणि पाटीवर लिहीत-पुसत जाते. आता पोथी वाचणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. वाऱ्याने पाने उलटली आणि तो भलत्याच अध्यायात शिरला, तर पोथी फाटलेली नसते. वाचकाचे बोट सुटलेले असते. अशा वेळी पहिल्या पानापासून सुरुवात करणे हाच मार्ग. ‘रिसेट’ म्हणतात ते हेच. छिद्राच्या आतील बारीक बटण चिपला सांगते की पाटी पूस आणि पहिल्या ओळीवर ये.

हे बोट सुटते कसे? सेल सैल असेल किंवा यंत्र हातातून पडले, तर वीज क्षणभर तुटते आणि लगेच जुळते. पूर्ण तुटली असती तर यंत्र नीट बंद होऊन नीट सुरू झाले असते. अर्धवट तुटण्यानेच घोटाळा होतो. दुसरे कारण स्थिर विद्युत. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत नायलॉनचा स्वेटर काढताना जो चटका बसतो, तोच चटका यंत्राला बसला की आतला अंक बदलू शकतो. भोसरीच्या एका लहान कारखान्यात माझे मामा सीएनसी यंत्र चालवतात. त्यांना हे सांगितले तर ते हसले. लाईट जाऊन आली की त्यांच्या यंत्राला आधी ‘होम’ला, म्हणजे ठरलेल्या शून्याच्या जागी, न्यावे लागते, त्याशिवाय एकही काम लावता येत नाही. लाखो रुपयांच्या यंत्राला जे चुकत नाही ते माझ्या यंत्राला कसे चुकणार?

आता प्रत्यक्ष कृती. घरातील कोणती वस्तू वापरावी याला महत्त्व आहे. टाचणी सर्वांच्या हाताशी असते, पण तिचे टोक फार तीक्ष्ण. बटण चुकले तर आतल्या पट्टीला ओरखडा जातो. सरळ केलेली यू-पिन बोथट आणि ताठ असते, म्हणून उत्तम. दात कोरण्याची काडी मोडते आणि तुकडा आत राहतो. पेन्सिलीचे टोक तर मुळीच घालू नये. ते ग्रॅफाइटचे असते, ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि त्याचा चुरा आत पडला की नवाच रोग जडतो. आमच्या घरी विझलेल्या उदबत्तीची काडी चालते. ती विजेची वाहक नाही आणि सहसा मोडतही नाही. टोक सरळ धरावे, हलकेच दाबावे, एक-दोन आकडे मोजून सोडावे. जोर करण्याचे काहीच कारण नाही.

पुष्कळ यंत्रांना असे छिद्रच नसते. तेथे कळांनीच काम होते. आपल्या वर्गांतून सर्रास दिसणाऱ्या कॅसिओच्या ‘एफएक्स-८२ एमएस’ या नमुन्यात ‘शिफ्ट’ आणि मग ‘मोड’ दाबले की तीन पर्याय येतात. त्यांतला तिसरा ‘ऑल’ निवडून बरोबरचे चिन्ह दाबले की सर्व मूळ स्थितीला येते. पण यंत्र पूर्ण थिजले असेल तर कळा चालणार कशा? मग सेल काढणे आले. यात दोन बारकावे आहेत आणि ते ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांचा प्रयोग फसतो. पहिला असा की सेल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज शिल्लक राहते. म्हणून सेल बाहेर असतानाच ‘ऑन’ची कळ दोन-चार वेळा दाबावी आणि काही मिनिटे थांबावे. दुसरा बारकावा वरच्या काळ्या सौरपट्टीचा. ती केवळ शोभेची नसेल तर ट्यूबलाईटच्या उजेडातही यंत्राला वीज पुरवत राहते. सेल काढला तरी अडकलेले यंत्र अडकलेलेच राहते. त्यावर उपाय म्हणजे यंत्र पोळ्यांच्या डब्यात ठेवून झाकण लावणे. डबा रिकामा आणि कोरडा असावा हे सांगायला नको, पण आमच्या घरी ते सांगावे लागले.

कधी कधी अडचण सेलच्या जागेतच असते. सेल जुना होऊन पाझरतो आणि पत्र्याच्या टोकांवर पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी पूड जमते. ती बुरशी नव्हे. अल्कलाईन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरते. ते अल्क असल्यामुळे कापसाच्या बोळ्यावर लिंबाच्या रसाचे किंवा व्हिनेगरचे दोन थेंब घेऊन पुसावे, म्हणजे ते मारले जाते. साध्या, स्वस्त पेन्सिल सेलमधील द्रव्य मात्र आम्लधर्मी असते. तेथे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावावा लागतो. म्हणजे लिंबू की सोडा हे सेलवरची अक्षरे वाचून ठरवावे लागते. शाळेत निळा-तांबडा लिटमस पाहिला होता, त्याचा घरात उपयोग होईल असे वाटले नव्हते! नंतर ओलसर बोळ्याने पुसून पूर्ण वाळू द्यावे आणि पत्र्याची टोके खोडरबराने घासून चकचकीत करावी. ही पूड बोटांनी खरवडू नये, कातडीला भाजते. घरात लहान मूल असेल तर बटणासारखे छोटे सेल त्याच्या हाती पडू देऊ नयेत. असा सेल गिळला गेला तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

इथपर्यंतचे सारे अडकलेल्या यंत्राविषयी झाले. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. अडकलेले यंत्र प्रामाणिक असते; मला पुढे जाता येत नाही असे ते स्पष्ट सांगते. खरा धोका जे सुरळीत चालते आणि चुकीचे उत्तर देते त्याचा. साइन ३० चे उत्तर ०.५ यायला हवे. ते वजा ०.९८८ आले तर यंत्र रेडियनमध्ये आहे, ०.४५४ आले तर ग्रेडियनमध्ये. बिघाड काहीच नाही, कोणीतरी रीत बदलून ठेवली आहे. प्रमाण विचलनाचेही तसेच. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ हे आठ आकडे टाकले तर सरासरी ५ आणि विचलन २ येते, २.१४ आले तर तुम्ही नमुन्यासाठीची, म्हणजे संख्येतून एक वजा करणारी कळ दाबली आहे. आणि भलतेच काही आले, तर आधीच्या उदाहरणाचे आकडे पाटीवर शिल्लक आहेत. म्हणून उत्तर पाहण्यापूर्वी एकूण किती आकडे नोंदले गेले ते पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे. पडद्याची तपासणी करायची तर सगळीकडे ८ भरावेत. आठातली मधली रेघ उमटत नसेल तर तो शून्य दिसतो, वरची उजवी नसेल तर सहा, खालची डावी नसेल तर नऊ. दहा किंवा अधिक अंकांच्या यंत्रावर हे गमतीने करता येते: १२३४५६७९ ला (यात ८ नाही) ७२ ने गुणा, नऊ आठ रांगेत उभे राहतात.

दुकानांतील मोठ्या यंत्रांवर सरकत्या खिट्ट्या असतात. त्यांतली एक ‘ए’ अक्षरावर सरकली तर १५० दाबून बेरीज करताना यंत्र १.५० धरते. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याने याच कारणासाठी एक चांगले यंत्र भंगारात दिले होते.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते, कारण या लेखाचे खरे कारण ती आहे. आमचे घर चाकणजवळ नाणेकरवाडीला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे पिंपरी-चिंचवड-भोसरीचा माळ कारखान्यांनी भरत गेला. चाकणचे रूप पालटले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना येथे सुरू झाला, २००९-१० च्या सुमारास मोटारींचे मोठे कारखाने आले. त्यांच्याबरोबर मराठवाड्यातून, विदर्भातून कंत्राटावर काम करणारी मुले आली, खोल्या उठल्या आणि खोल्यांबरोबर खानावळी. आई गेली नऊ वर्षे मेस चालवते. महिन्याच्या शेवटी वही, पेन आणि एक बारा अंकी गणकयंत्र घेऊन ती हिशेबाला बसते. महिन्याचे पैसे, त्यांत रविवारच्या चिकनचे जादा, त्यांतून खाडे वजा. अशी एकेकाची रक्कम ती यंत्राच्या स्मृतीत ‘एम प्लस’, ‘एम मायनस’ने घालते आणि ‘एमआरसी’ची कळ एकदा दाबून बेरीज पाहते. तीच कळ लागोपाठ दुसऱ्यांदा दाबली की स्मृती पुसली जाते आणि पुढच्या मुलाचा हिशेब सुरू होतो.

प्रात्यक्षिकाच्या त्या प्रसंगानंतर मला यंत्रे उघडण्याची खोड लागली होती. दिवाळीच्या सुट्टीत मी आईचे यंत्र उघडले, कारण त्याच्या काही कळा जड लागत होत्या. कळांच्या खाली रबराची चादर असते आणि प्रत्येक कळेखाली कार्बनचा एक ठिपका. कळ दाबली की तो खालच्या पट्टीला टेकतो आणि जोडणी होते. ‘एमआरसी’च्या ठिपक्याखाली तेल आणि पीठ यांचा चिकट थर बसला होता. म्हणजे कळ दाबली जायची, पण दर वेळी टेकायचीच असे नाही. मी पट्टी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, ठिपका कोरड्या फडक्याने टिपला, स्क्रू आवळले. कळ पुन्हा चालू लागली. आणि मग मनात आले, ही कळ दुसऱ्यांदा टेकली नसेल तेव्हा काय झाले असेल?

मी वही घेतली आणि मागच्या तीन महिन्यांच्या बेरजा हाताने केल्या. सगळ्या जुळल्या, एक सोडून. ऑगस्टच्या पानावर लातूरकडच्या एका मुलाच्या नावापुढे २,८०० अधिक २८० वजा ३२० असे लिहिले होते. ही बेरीज २,७६० होते. आईने घेतले होते ३,२१०. फरक ४५० चा. त्याच्या वरच्याच ओळीत कोणा पाहुण्यांच्या सहा थाळ्या होत्या, ७५ प्रमाणे ४५० रुपये. पाहुण्यांची रक्कम स्मृतीतून पुसली गेली नव्हती आणि मुलाच्या हिशेबात मिसळली होती. बहुतेक यंत्रांत ‘एसी’ दाबल्याने पडदा कोरा होतो, स्मृती नाही. कोपऱ्यात बारीक ‘एम’ तसाच राहतो. तो ‘एम’ आईने कधी पाहिला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मीही नाही.

वही पाहताना आईला तो प्रसंग आठवला. मुलगा म्हणाला होता, “मावशी, जरा जास्त वाटतंय.” आईने त्याच्यासमोर पुन्हा तीच कळ दाबली, पुन्हा ३,२१० आले. “बघ बाबा, मशीन काय खोटं बोलतंय का?” असे ती म्हणाली होती. त्याने पैसे मोजून दिले. महिन्याभराने त्याचे कंत्राट संपले आणि तो खोली सोडून गेला.

मी सगळे समजावून सांगितले, ठिपका, तेल, पीठ, पाटी. आईने ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे तो खरं बोलत होता ना?” मी हो म्हटले. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

त्याचा मोबाईल क्रमांक वहीत होता. तो लागत नाही. त्याच्या खोलीतली इतर मुलेही पांगली आहेत, एक रांजणगावला आहे असे कळले आहे, त्याच्याकडे चौकशी चालू आहे. आई अजून त्याच यंत्रावर हिशेब करते. एकेकाचा हिशेब संपला की ‘एमआरसी’ दोनदा दाबून ती कोपऱ्यातला ‘एम’ गेला का ते पाहते आणि मग बेरीज पुन्हा एकदा बोटांवर करते. नवीन महिन्याचे पान उघडले की मुलांची नावे घालण्यापूर्वी ती वर एक ओळ लिहिते: मागील देणे, रुपये ४५०.